एसएमपीएस किती वॅटचा?



मागच्या वेळी पारण्याच्या मुगाच्या कढणाबद्दल लिहिले होते, आणि आज एकदम कॉम्प्युटरच्या पोटातल्या लोखंडी डब्याबद्दल लिहिते आहे. काही जणींना वाटेल हिला काय झाले! पण दिवाळीपासून आमच्या घरात हाच विषय चालू होता आणि माझे त्यावर ठाम मत झाले आहे. मुलाला किंवा नातवाला गेमिंगचा कॉम्प्युटर जोडून घ्यायचा असेल, तर दुकानदाराने दिलेल्या यादीतली सगळ्यात शेवटची ओळ आधी वाचा. ती ओळ एसएमपीएसची असते, म्हणजे पॉवर सप्लायची. तिथे पैसे वाचवू नका आणि तिथे उधळूही नका.

नातू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्वतः साठवलेले, आजोबांनी दिलेले आणि वाढदिवसाचे मिळून त्याचे पासष्ट हजार जमले होते. मॉनिटर घरात होताच. राजारामपुरीतल्या दोन दुकानांतून त्याने कोटेशन आणले आणि माझ्यासमोर ठेवले, कारण घरातला कुठलाही मोठा खर्च माझ्या वहीतून गेल्याशिवाय होत नाही. इंटेलचा आय-५ १२४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, सोळा जीबी रॅम, एक टीबीची एसएसडी, काचेचे आणि दिव्यांचे कॅबिनेट. शेवटची ओळ होती: एसएमपीएस ४५० वॅट, कॅबिनेटसोबत. किमतीच्या रकान्यात शून्य.

मी १९८० ची बी.कॉम. आहे. शून्य दिसले की माझे बोट तिथे थांबते. फुकट आलेल्या वस्तूची किंमत कुणीतरी कुठेतरी लावलेलीच असते.

पण खरे सांगायचे तर माझे बोट थांबले ते बी.कॉम.मुळे नव्हे. अकरा वर्षांपूर्वी असेच शून्य मी स्वतःच्या हाताने लिहिले होते.

तेव्हा मुलाला घरी अकाउंट्सच्या कामासाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता. कोटेशनमध्ये एसएमपीएसचे वेगळे अठराशे रुपये लावलेले होते. मी विचारले, हे काय? मुलगा म्हणाला, वीज पुरवणारा डबा. मी म्हटले, कॅबिनेटबरोबर येतोय की एक, मग दुसरा कशाला? आणि त्या ओळीवर काट मारली. अठराशे रुपये वाचवले म्हणून चार दिवस खूशही होते.

पुढच्या वैशाखात वळवाचा पाऊस आला. आमच्या गल्लीतल्या खांबावरचा न्यूट्रल तुटला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्या घरात एक फेज आणि एक न्यूट्रल येतो आणि त्यांच्यात २३० व्होल्ट असतात. पण खांबावर तीन फेज असतात आणि दोन फेजांमध्ये ४०० च्या आसपास व्होल्ट असतात. न्यूट्रल तुटला की कुणाच्या घरात दिवे मिणमिणतात आणि कुणाच्या घरात व्होल्टेज तिनशेच्या वर जाते. आमचे घर दुसऱ्या प्रकारात निघाले. फ्रीजला स्टॅबिलायझर होता, तो वाचला. दोन ट्यूब गेल्या. कॉम्प्युटरमधून फट् असा आवाज आला आणि जळका वास सुटला.

दुरुस्तीवाल्या मुलाने डबा उघडून दाखवला. डबा म्हणजे पत्राच. आत एवढीशी कॉइल, आणि पट्टीवर जिथे सुरक्षेचे भाग बसवायचे असतात तिथे नुसती भोके आणि दोन पिनांना जोडणारी तार. तो म्हणाला, काकू, चांगला एसएमपीएससुद्धा यात गेला असता, पण तो एकटा मेला असता. याने मदरबोर्ड आणि हार्डडिस्क दोन्ही सोबत नेले.

हार्डडिस्कवर माझ्या सासूबाईंचा आवाज होता. त्या रोज पहाटे भक्तामर म्हणायच्या, अठ्ठेचाळीसही श्लोक, पुस्तक न बघता, शिरोळकडच्या हेलात. २००८ च्या चातुर्मासात मुलाने त्यांच्यासमोर माइक ठेवून ते रेकॉर्ड केले होते. मधेच कुठेतरी श्लोक थांबवून त्या ओरडल्या होत्या, 'अगं, दूध बघा!', आणि लगेच पुढचा श्लोक सुरू. २०११ मध्ये त्या गेल्या. रेकॉर्डिंगची दुसरी प्रत काढावी असे कुणाच्याच मनात आले नव्हते, त्या वेळी आम्हाला तेवढे कळतही नव्हते. हार्डडिस्क पुण्याला पाठवून बघितली. उपयोग झाला नाही.

प्रत न काढणे ही चूक झालीच. पण अठराशे रुपयांवरची काट माझ्या अक्षरात होती. ती वही अजून माझ्याकडे आहे.

म्हणून या वेळी मी नातवाला म्हटले, हे शून्य चालणार नाही. तो म्हणाला, 'आज्जी, ४५० वॅट आहे तो, पुरतो.' मी म्हटले, पुरतो तर दाखव मला हिशोब.

आता थोडे समजून घेऊ. मलाही ते शिकावे लागले. भिंतीतून येते २३० व्होल्टची एसी वीज. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज. हे रूपांतर करणारा तो डबा. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन मोठी खाणारी तोंडे, आणि दोघांनाही लागते १२ व्होल्टचीच वीज. ५ आणि ३.३ ची गरज त्या मानाने किरकोळ. तेव्हा डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० लिहिले असले तरी खरा प्रश्न असा, की त्यातले १२ व्होल्टवर किती?

याचे उत्तर प्रत्येक एसएमपीएसच्या अंगावर चिकटवलेल्या तक्त्यात असते. बारीक अक्षरात. दुकानात गेलो तेव्हा मी चष्मा लावून तो तक्ता वाचला. कॅबिनेटसोबतच्या डब्यावर १२ व्होल्टच्या खाली १६ अँपिअर लिहिले होते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. बारा सोळे एकशे ब्याण्णव. म्हणजे ४५० च्या नावाखाली कामाचे १९२ वॅट. शेजारच्या ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट. नाव ५५० आणि काम ५४०.

कंपनी कायदा शिकलेल्या मैत्रिणींना हे लगेच कळेल. अधिकृत भांडवल आणि भरणा झालेले भांडवल. कंपनीच्या पाटीवर दहा कोटी लिहायला काही लागत नाही, बँकेत किती भरले ते विचारायचे. दुकानदाराला मी हे असेच सांगितले तर तो हसला, आणि म्हणाला की हा तक्ता विचारणारे गिऱ्हाईक महिन्यात एखादे येते. मला ते ऐकून बरे वाटले नाही. पासष्ट हजारांची खरेदी आणि तक्ता कुणी वाचत नाही?

मग गरज किती, तो हिशोब. ग्राफिक्स कार्ड ११५ वॅट, हा कंपनीनेच दिलेला आकडा. प्रोसेसरच्या बाबतीत एक गंमत आहे. नातवाने ६५ धरले होते, कारण ठळकपणे तोच आकडा दिसतो. पण ती मूळची चाल झाली. जोर लावायची वेळ आली की हाच प्रोसेसर ११७ वॅटपर्यंत जातो, आणि तेही इंटेलच्याच माहितीपत्रकात लिहिलेले आहे. सणाच्या स्वयंपाकाचा गॅस रोजच्या आमटी-भातावरून धरायचा नसतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, ते रंगीबेरंगी दिवे, कीबोर्ड-माउस या सगळ्याला मिळून साठ धरू. ११५ अधिक ११७ अधिक ६०, झाले २९२. तीनशे म्हणा.

तीनशेची गरज आणि १९२ चा डबा. नातू गप्प बसला.

असा डबा लावला तर काय होते? कदाचित पहिल्या दिवशी काहीच होत नाही. तोच तर धोका आहे. गेमच्या ऐन रंगात मशीन आपोआप बंद होऊन चालू होते, मुले विंडोजला दोष देतात, रॅम काढून पुसून बसवतात. आत कपॅसिटर तापून फुगत असतात. आणि एखाद्या दिवशी फट्.

आता पुढचा प्रश्न. गरज तीनशेची असताना ग्राफिक्स कार्डाची कंपनी ४०६० साठी ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या असे का सांगते? मला आधी वाटले विक्रीची युक्ती असेल. ती नाही. एक तर तुम्ही कार्डाला कुठला प्रोसेसर जोडणार हे कंपनीला माहीत नसते, काही प्रोसेसर एकटेच अडीचशे वॅट खातात. दुसरे, लोक कसले डबे लावतात हे तिला पक्के माहीत असते, म्हणून ती भर धरून सांगते. तिसरे कारण जास्त खरे. कार्डाचे ११५ वॅट ही सरासरी झाली. सेकंदाच्या अगदी लहानशा भागात कार्ड त्याच्या कितीतरी वर उसळी मारते आणि परत खाली येते. मिक्सर चालू करताना घरातला दिवा क्षणभर मंद होतो ना, तसे. मोठ्या कार्डांची ही उसळी इतकी त्रासदायक झाली, की २०२२ मध्ये इंटेलने काढलेल्या एटीएक्स ३.० या नियमावलीत तशा कार्डांसाठीच्या सप्लायने क्षणभर स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट ओढ सोसली पाहिजे, अशी अटच घातली.

शिवाय एसएमपीएस साधारण अर्ध्या भारावर असला की त्याची कार्यक्षमता सगळ्यात चांगली असते, पंखाही शांत राहतो. तीनशेची गरज आणि साडेपाचशेचा डबा म्हणजे पंचावन्न टक्के भार. बरोबर तिथेच बसते.

इतके पटल्यावर स्वारी गेली दुसऱ्या टोकाला. दोन दिवसांनी मोबाइल घेऊन आला. 'आज्जी, तुझे बरोबर आहे, एसएमपीएस चांगलाच पाहिजे. हा बघ, १००० वॅट, गोल्ड.' किंमत कॅबिनेट आणि रॅमच्या बेरजेएवढी. मित्राने सांगितले होते की पुढे ५०९० घ्यायचे झाले तर उपयोगी पडेल. आरटीएक्स ५०९० ला ५७५ वॅट लागतात आणि कंपनी हजार वॅटचा सप्लाय सांगते हे खरे आहे. पण त्या एका कार्डाची किंमत याच्या अख्ख्या मशीनच्या कितीतरी पट आहे. लग्न ठरले नाही आणि बाळंतविडा आणायचा!

इथे एक गैरसमज मात्र दूर करते, कारण आमच्या ह्यांनाही तो होता. हजार वॅटचा एसएमपीएस लावला म्हणजे मीटर हजार वॅटने फिरतो असे नाही. मशीनला तीनशे लागले तर तो तीनशेच देतो. मोठ्या पिंपातून तांब्याभरच पाणी घेतले तर तांब्याभरच जाते. वाढतो तो वीज बिलाचा आकडा नाही, खरेदीचा आकडा. म्हणून मोठा डबा 'वाईट' नाही, तो फक्त न लागणारा आहे. आपल्या धर्मात न लागणाऱ्या वस्तूला काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेताना आपण जमीन, सोने, धान्य, भांडी यांचे माप ठरवतो. माप ठरवायचे म्हणजे शून्य करायचे असे श्रावकाला कुणी सांगितलेले नाही. गरज मोजायची, थोडी सोय ठेवायची आणि तिथे रेघ ओढायची. तीनशेला साडेपाचशे ही सोय झाली. उद्या ४०७० घ्यायचे त्याच्या मनात असते तर त्या कार्डाला २०० वॅट लागतात आणि कंपनी ६५० सांगते, मग मी ६५० ला हो म्हटले असते. मी त्याला तसे विचारलेही. तो म्हणाला, नोकरी लागेपर्यंत कार्ड बदलत नाही. मग झाले तर, साडेपाचशे.

राहिला ब्रॉन्झ की गोल्ड हा मुद्दा. ही ८० प्लस नावाची प्रमाणपत्रे आहेत. २००४ मध्ये ही योजना सुरू झाली, कांस्य-रौप्य-सुवर्ण अशा पायऱ्या नंतर आल्या. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के आतल्या भागांपर्यंत पोचते, हे ती सांगतात. बाकीची वीज डब्यातच उष्णता होऊन जाते. अर्ध्या भारावर ब्रॉन्झला निदान ८५ टक्के आणि गोल्डला निदान ९० टक्के, हे त्यांच्या ११५ व्होल्टच्या चाचणीतले आकडे. आपल्या २३० व्होल्टवर थोडे बरेच येतात, पण हिशोबाला हेच धरले.

तीनशे वॅट पुरवायला ब्रॉन्झ भिंतीतून ३५३ वॅट घेईल आणि गोल्ड ३३३. फरक वीस वॅटचा. रोज तीन तास पूर्ण भाराने खेळला, वर्षाचे ३६५ दिवस (परीक्षेच्या दिवसांतही, असे धरू, कारण मला त्याची खात्री नाही), तर १,०९५ तास. वीस वॅटने गुणले की साधारण बावीस युनिट. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये लावले तर वर्षाला दोनशे वीस रुपये. दोन्ही डब्यांच्या किमतीत फरक होता अडीच हजारांचा. म्हणजे गोल्डचे जास्तीचे पैसे वसूल व्हायला अकरा वर्षे. वॉरंटी पाच किंवा सात वर्षांची. हा सौदा मी नामंजूर केला. जी मुले दिवसाचे दहा-दहा तास मशीन चालवतात, व्हिडिओचे काम करतात, त्यांच्या बाबतीत उत्तर वेगळे येईल. हिशोब ज्याचा त्याने करावा.

याच कागदावर मी आणखी एक आकडा लिहिला आणि तो मोठ्याने वाचला. ३५३ वॅट, १,०९५ तास, म्हणजे वर्षाला ३८६ युनिट. तीन हजार आठशे साठ रुपये, नुसते खेळण्याचे. कोयना आपल्या शेजारी आहे, पण महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळसा जाळूनच होते.

वीज हा अग्निकाय जीव की अचित्त, यावर आपल्याकडे जुना वाद आहे. स्थानकवासी परंपरेतले कितीतरी साधू माइकसुद्धा वापरत नाहीत. तेरापंथाचे आचार्य महाप्रज्ञ यांनी वीज अचित्त मानली. आपल्या भागात मुनिमहाराजांची प्रवचने माइकवरच होतात. मी त्या वादात पडण्याएवढी शिकलेली नाही. पण अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्या आहे, विनाकारण माती उकरणे, पाणी सांडणे, आग पेटवणे, हे तर लहानपणी पाठशाळेत सगळ्यांनीच पाठ केले आहे. मशीन चालू ठेवून हा मुलगा जेवायला येतो आणि तासभर गप्पा मारतो, ती प्रमादचर्याच. एसएमपीएस ब्रॉन्झ का गोल्ड यापेक्षा ते बटण बंद केल्याने जास्त युनिट वाचतील. हे मी त्याला सांगितले आहे, आणखीही सांगेन.

काही मैत्रिणी आता म्हणतील, तू वॅट मोजत बसलीस, पण ते गेम तर मारामारीचे असतात, त्याचे काय? प्रश्न बरोबर आहे आणि मी तो टाळत नाही. आपल्याकडे यशोधर राजाची कथा आहे. त्याने खरा कोंबडा मारला नाही, आईच्या आग्रहाने पिठाचा कोंबडा करून बळी दिला, आणि तरी दोघांना किती जन्म पशुयोनीत फिरावे लागले. पिठाच्या कोंबड्यात जीव नव्हता, पण मारण्याचा भाव होता. पडद्यावरचा माणूस म्हणजे पिठाचाच कोंबडा, असे मी नातवाला सांगितले. तो म्हणाला, 'आज्जी, राजाने पुण्य मिळेल म्हणून मारला, मी तर आउट करतो, खो-खोसारखे.' मला पूर्ण पटले नाही, पण पूर्ण खोडताही आले नाही. तो बहुतेक गाड्यांच्या शर्यतीचा आणि फुटबॉलचा गेम खेळतो हे मी मागे उभी राहून पाहिले आहे. बंदुकीचेही खेळतो. दशलक्षणाचे दहा दिवस ते बंद, इतके त्याने कबूल केले. मशीनच घ्यायचे नाही असे म्हणण्याचा मार्ग मला होता. पण मग तो मित्राकडे जाऊन खेळला असता, आणि मी मागे उभी राहू शकले नसते.

एसएमपीएसकडे परत येते. नाव मोठे म्हणजे माल चांगला, हेही डोळे मिटून धरू नका. २०२० आणि २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ होता, तेव्हा अमेरिकेत एका मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याने कार्ड हवे असेल तर सोबत गीगाबाइटचा ७५० वॅटचा पॉवर सप्लाय घ्या, अशा जोड्या विकल्या. त्या मॉडेलबद्दल इतक्या तक्रारी आल्या आणि परीक्षकांच्या चाचण्यांत त्यातले इतके नग फुटले, की ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीला निवेदन काढून ते बदलून देण्याची सोय करावी लागली. आणि त्यांच्यावर ८० प्लस गोल्डचा शिक्का होता. शिक्का कार्यक्षमतेचा असतो, सुरक्षेचा नसतो. साडी सिल्क मार्कची आहे म्हणून रंग जाणार नाही असे थोडेच आहे. म्हणून त्या विशिष्ट मॉडेलची उघडून केलेली तपासणी कुणी लिहिली आहे का ते बघायला नातवाला सांगितले, त्या कामात तो हुशार आहे. जास्त व्होल्टेज, जास्त भार, शॉर्ट सर्किट, जास्त उष्णता, या चारही वेळी आपणहून बंद होण्याची सोय आहे का ते पाहिले. आणि वॉरंटी पाच वर्षांची. जो बनवणारा पाच वर्षे पाठीशी उभा राहतो आणि जो एक वर्षही राहत नाही, त्यांच्यातला फरक समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही.

आम्ही घेतला साडेपाचशेचा, ब्रॉन्झ, चार हजार चारशेला. त्यासाठी कॅबिनेट साधे घेतले, एका बाजूला काच आणि एकच पंखा रंगीत. नातवाचे तोंड दोन दिवस लहान होते.

आता घरातल्या गोष्टी, ज्या दुकानदार सांगत नाही. चांगल्या एसएमपीएसलाही अर्थिंग लागते. जुन्या पेठांतल्या घरांत तिसऱ्या भोकाला मागे तारच नसते. आमच्या मागच्या खोलीत तेच निघाले. वायरमनकडून अर्थिंग करून घेतले, मग मशीन लावले. प्लगची तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात बसवणारे महाभाग आहेत, त्यांना हात जोडून नमस्कार. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. बऱ्याच कॅबिनेटांत एसएमपीएस तळाशी असतो आणि खालून हवा ओढतो, तिथून केर जातो आणि मुंग्याही जातात. पावसाळ्यात उबेला मुंग्या आत घर करतात, आणि नंतर वीज चालू केली की काय होते ते सांगवत नाही. आम्ही लाकडी पाटावर ठेवले आहे, खाली जाळी आहे, आणि दर चतुर्दशीला मी मऊ ब्रशने जाळी झाडते, आधी बघून. नातू म्हणतो ब्लोअर आण. ब्लोअरने मुंगी कुठे जाईल? २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या ओळखीच्यांच्या तळमजल्यावर पाणी शिरले होते, त्यांना पाटही पुरला नसता, त्यांनी वरच्या मजल्यावरच ठेवावे.

यूपीएसचा निर्णय अजून झालेला नाही. तिथेही तेच दोन आकडे: खोक्यावर मोठे लिहिलेले असते ६०० व्हीए, आणि बारीक अक्षरात ३६० वॅट. आमचे मशीन भिंतीतून ३५३ घेते, वर मॉनिटर. म्हणजे ६०० वाला वीज जाताच बसणार. हजार व्हीएचा पाहिजे, आणि नव्या एसएमपीएसना साइन वेव्हचा यूपीएस बरा असतो म्हणतात, तो महाग आहे. ह्यांचे म्हणणे आहे की घरच्या इन्व्हर्टरवर टाका. माझे म्हणणे आहे की वीज गेली की खेळ थांबवावा आणि जेवायला यावे, फक्त आधी मशीन नीट बंद व्हायला पाच मिनिटे मिळाली पाहिजेत. त्या पाच मिनिटांची किंमत सात हजार. संक्रांतीपर्यंत बघू.

एसएमपीएसचे बिल आणि वॉरंटीचा कागद मी गॅसच्या पुस्तकाच्या पाकिटात ठेवला आहे. घरातले सगळे फोटो नातवाने दोन ठिकाणी उतरवून ठेवले, एक डिस्क बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली. मागच्या आठवड्यात त्याने माझ्यासमोर माइक ठेवला आणि म्हणाला, आज्जी, म्हण. मला अठ्ठेचाळीसही श्लोक पाठ येत नाहीत, तिसाव्यानंतर पुस्तक लागते. पुस्तक घेऊनच म्हटले.